लो का हाय?

लातूर तेव्हा नवाच जिल्हा झाला होता. कचेरी भाड्याच्या इमारतीत होती, दारांवरच्या पाट्यांचा रंग अजून हाताला लागत होता आणि उस्मानाबादहून आलेल्या फायली पत्र्याच्या पेट्यांतच पडून होत्या. त्या कचेरीत मला एक नाव मिळालं. मी ते मागितलं नव्हतं. ज्या साहेबानं ते दिलं त्यानं ते कधी मागे घेतलं नाही, आणि मीही कधी विसरलो नाही. ते नाव होतं 'नाडेवाले'.

माझ्याकडे एक जुनी जीप होती. फौजेनं काढून टाकलेली, नांदेडला लिलावात घेतलेली. कुणी बापाच्या शेताच्या जिवावर गाडी घेतो, कुणी सासऱ्याच्या. मी लातूरच्या एका डाळमिलीत सहा वर्षं तुरीची पोती वाहिली आणि घेतली. त्यामुळे तिला कुणी नावं ठेवली की ती माझ्या पाठीला ठेवल्यासारखी वाटायची.

अशा जीपला नेहमीच्या गिअरच्या दांडीशेजारी आणखी दोन छोट्या दांड्या असतात. एक दांडी पुढची चाकं जोडते, म्हणजे चारही चाकं ओढायला लागतात. दुसरी दांडी गाडीला 'हाय'मधून 'लो'मध्ये नेते. हायमध्ये जीप रस्त्यावर पळते. लोमध्ये माणसाच्या चालीनं जाते, पण दगडधोंड्यातून वजन ओढत चढ चढते. या दोन्ही दांड्या मोठ्या गिअरबॉक्सच्या मागे असलेल्या एका लहान डब्याला जोडलेल्या असतात. कागदावर त्याला ट्रान्सफर केस म्हणतात, आम्ही नुसतं डबा म्हणायचो.

माझ्या जीपची लोची दांडी दगाबाज होती. चढावर जोर पडला की आपोआप सटकून मधल्या रिकाम्या जागेत यायची. मग इंजिन बोंब मारायचं आणि चाकांना त्याचा पत्ताच नसायचा. उपाय म्हणून मी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून ती दांडी सीटच्या पायाला बांधून ठेवली होती. आमच्या भागातल्या निम्म्या गाड्यांत तेव्हा काहीतरी कशाला तरी बांधलेलंच असायचं. मला त्यात लाजण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

त्या वर्षी दुष्काळ होता. डांबरी रस्त्यावरच्या गावांना टँकर जात होते, पण जळकोटच्या बाजूला डोंगरावर एक तांडा होता, तिथं जाणारी वाट टँकरला झेपत नव्हती. कचेरीला चारही चाकं ओढणारी आणि मागे पाण्याच्या टाकीची छोटी ट्रॉली घेऊन चढणारी गाडी पाहिजे होती. आसपास तशी गाडी माझीच होती. मी अर्ज दिला. पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी आधी चढून दाखवायला सांगितलं.

दुसऱ्या वळणापर्यंत जीप छान चढली. वळणावर ट्यूब ताणली, ताणली आणि फाट्‌कन तुटली. दांडी सटकली. गाडी ट्रॉलीसकट मागे घसरली, ट्रॉली आडवी झाली आणि टाकीचं झाकण उघडून पाणी खडकांवरून वाहत गेलं. मी ब्रेकवर उभाच राहिलो म्हणून दरीत गेलो नाही. साहेब जवळ आले. त्यांनी आत वाकून पाहिलं, ट्यूबचं लोंबणारं टोक दोन बोटांत धरलं आणि मागे उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"हे काय हो? गाडी नाडा बांधून आणलीत? सुटला की गेली इज्जत!"

कचेरीतले लोक हसले. तांड्यावरचे लोक हसले नाहीत, ते पाण्याकडे बघत होते. मला तोंड उघडून काहीतरी कडक बोलायचं होतं, आणि माझं तोंड तसं सहसा बंद राहत नाही. पण साहेबांनी त्याच दमात सांगितलं, "आठ दिवस देतो. नाडा न बांधता चढवून दाखवा. नाहीतर दुसऱ्या जिल्ह्यातून गाडी मागवतो." मी आडवी पडलेली ट्रॉली उभी करायला लागलो. दुष्काळानं भाड्याची बाकी सगळी कामं बंद पडली होती. हे काम गेलं असतं तर जीप विकून पुन्हा मिलीत पोती उचलायला जावं लागलं असतं, आणि पुन्हा पोती उचलायची नाहीत असं मी ठरवलेलं होतं.

लातूरच्या गॅरेजवाल्यानं डबा न उघडताच निकाल दिला. आतले सगळे गिअर झिजले, हैदराबादहून मागवावे लागतील, पंधरा दिवस. मी म्हटलं, "उघडून तर बघ." तो म्हणाला, "आवाजावरून कळतंय." मी म्हटलं, "तुझ्या आवाजावरून मलाही कळतंय." त्याचा पाना त्याच्याच टेबलावर आपटून मी निघालो. दोन दिवस असेच गेले.

एका एसटी ड्रायव्हरनं लोहा गावचा एक मिस्त्री सुचवला. नांदेड रस्त्यावर पत्र्याची एक शेड, भिंतीवर बुद्धाचा फोटो आणि त्याच्या खाली खिळ्यांवर ओळीनं टांगलेले पाने, लहानापासून मोठ्यापर्यंत. हा माणूस फौजेच्या वर्कशॉपमध्ये वीसपेक्षा जास्त वर्षं काढून पेन्शनीवर आला होता. आमच्याकडे फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात, मग तो हवालदार का असेना. मीही मेजरच म्हणू लागलो.

मेजर अर्धा तास जीपखाली पडून राहिले. मग मला म्हणाले, "तुम्हीही या खाली." मी आडवा झालो. त्यांनी खडूनं एक खूण केली आणि मला वर जाऊन दांडी ओढायला सांगितलं. परत खाली आलो तेव्हा त्यांनी दाखवलं. वरची दांडी पूर्ण सरकल्यासारखी वाटत होती, पण तिला जोडलेला डब्यातला दांडा पूर्ण आत जातच नव्हता. नखभर बाहेर राहत होता. मधल्या पिना झिजून भोकं लांबट झाली होती, जोडणारी सळई वाकली होती आणि वरची दांडी गाडीच्या तळाच्या पत्र्यातल्या फटीच्या कडेला आधीच टेकत होती.

"डब्यात काही खराबी नाही," मेजर म्हणाले. "दात एकमेकांत अर्धेच बसतात. अर्धी पकड किती वेळ टिकणार? तुम्ही बांधत होता वरची दांडी, खालचं तसंच ढिलं. जोड नवे करायचे."

नुसती दुरुस्ती करायची नव्हती, जोड होता त्यापेक्षा चांगला करायचा होता. वाकलेल्या सळईऐवजी जाड सळई, तिच्या दोन्ही टोकांना आटे, म्हणजे फिरवून लांबी कमीजास्त करता येईल. झिजलेल्या भोकांत गनमेटलची, म्हणजे पितळेसारख्या धातूची, बुशं म्हणजे आतली कडी, घट्ट बसणाऱ्या नव्या पिना आणि पत्र्यातली फट पुढेमागे वाढवायची. मला पटलं. पटलं की मी घासाघीस सुरू करतो, ती माझी सवय आहे.

"मजुरीचं बोला, मेजर."

त्यांनी आकडा सांगितला.

"लई झाला."

"मग जाऊ द्या."

"आसं कसं जाऊ द्या? तुमी थोडं खाली या, मी थोडं वर येतो."

"मी खालीच होतो आत्ता अर्धा तास," ते म्हणाले आणि हात पुसायला लागले.

असा माणूस मला त्याआधी भेटला नव्हता. भावावर भाव न बोलणारा माणूस म्हणजे मला तोंडावर दार लावल्यासारखं वाटतं. मी चिडलो, शेडच्या बाहेर जाऊन उन्हात उभा राहिलो, परत आलो आणि दिवसांवर घासाघीस सुरू केली. त्यांना चार दिवस पाहिजे होते. मी दोन म्हटलं. शेवटी तीन दिवसांवर आले, पण एका अटीवर. बुशासाठी माल मी आणायचा, आणि जोडणी करताना वर सीटवर मीच बसायचं, कारण त्यांच्याकडे हाताखाली कुणी नव्हतं.

गनमेटल कुठे मिळणार ते मला ठाऊक होतं. ज्या मिलीत मी राबलो तिथल्या कोठारात जुन्या यंत्रांची मोडकी बुशं पडून असायची. कोठारवाला मला अजून अरे-तुरे करायचा.

"काय रे, आता जीपवाला झालास आन् भंगार मागून राहिलास?"

"भंगार हाय म्हणूनच मागतो. तो कोपऱ्यातला वाकलेला शाफ्ट कवाचा पडलाय?"

"झाले चार महिने. नांदेडला न्यायला कुणी तयार न्हाई."

"मी नेतो. सरळ करून आणतो. मला ते मोडकं बुश द्या."

तो लगेच हो म्हणाला. मला फुकटात हमाल केलं असं त्याला वाटलं. मला तर नांदेडला लेथवाल्याकडे जायचंच होतं. तो शाफ्ट जीपमध्ये आडवा टाकला, मोडकं बुश खिशात घातलं आणि नांदेडला दिवसभर लेथवाल्याच्या उरावर बसून शाफ्ट सरळ करून घेतला आणि बुशं, पिना, सळईचे आटेही करून घेतले. लेथवाला दर पाऊण तासाला चहाला उठायचा. तिसऱ्यांदा उठला तेव्हा मीच चहा आणून त्याच्या मशीनवर ठेवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मेजरनी नवा जोड बसवायला घेतला. ते खाली, मी वर. काम सोपं होतं. वरची दांडी लोमध्ये ठेवायची, खाली डब्यातला दांडाही हातानं लोमध्ये ढकलायचा, मग सळईचे आटे फिरवून तिची लांबी दोघांच्या बरोबर मधे बसेल इतकी करायची आणि पिना टाकायच्या.

"लोला टाका," खालून आवाज आला.

मी टाकली.

"कुठे आहे आता? लो का हाय?"

"हाय!" मी म्हणालो.

"पक्कं?"

"हाव, हाय की! किती बारी सांगू?"

खाली खटखट झालं. बराच वेळ आटे फिरत राहिले. मेजर एकदा पुटपुटले, "सळई फारच लांब करावी लागते आहे." मी म्हटलं, "नवी हाय, बसंल." त्यांनी पिना टाकल्या, बाहेर आले आणि म्हणाले, "आता दोन्हीकडे टाकून बघू." पण माझ्या डोक्यात परवाचा चढ होता. मी म्हटलं, "बघायचं काय, चालवूनच बघतो," आणि गाडी सुरू केली.

दांडी लोमध्ये होती. लोमध्ये गाडीला उचलायला भरपूर पाय द्यावा लागतो असं समजून मी पाय दिला आणि क्लच सोडला. जीप उडी मारून निघाली. रस्ता ओलांडून ती समोरच्या शेताच्या बाभळीच्या काट्यांत घुसली आणि तिथं बंद पडली. पुढच्या चाकातून हवा गेल्याचा आवाज येत राहिला. मी दांडी ओढली, ढकलली, ती दुसऱ्या बाजूला जायलाच तयार नव्हती.

मी खाली उतरलो तो ओरडतच. "मेजर! उलटं बसवलं तुमी! लोला टाकली तर हाय लागतंय! फौजेत हेच शिकवलं का?"

मेजर सावकाश रस्ता ओलांडून आले. "मी विचारलं होतं. लो का हाय. तुम्ही हाय म्हणालात. दोनदा."

"मग! हाय म्हणालो! लो हाय का म्हणून इचारलं, हाय म्हणालो!"

"म्हणजे हायमध्ये ना?"

"हायमधी न्हाई हो! हाय! लोमधी हाय!"

पलीकडच्या चहावाल्याला आमच्या आधी समजलं आणि तो गल्ल्यावर डोकं टेकवून हसायला लागला.

आमच्याकडे 'आहे'ला 'हाय' म्हणतात. हाय का, हाय, हाय की. दिवसातून शंभर वेळा म्हणतो, कधी लक्षातही येत नाही. मेजर मूळचे लोह्याचेच, पण उमेदीची सगळी वर्षं पंजाबात नाहीतर आसामात गेलेली. त्यांच्या तोंडी 'आहे' बसलं होतं, आणि गाडीखाली गेल्यावर त्यांच्यासाठी हाय म्हणजे फक्त गिअर होता. त्यांनी विचारलं, लो का हाय. मी ऐकलं, लो हाय का. मी खरं उत्तर दिलं आणि त्यांनीही ऐकलं तेच केलं. वर दांडी लोमध्ये, खाली डबा हायमध्ये, आणि मधे बोटभर लांब केलेली सळई दोघांना बांधून ठेवणारी.

"चूक तुमची हाय," मी म्हणालो, आणि चहावाला पुन्हा हसला. "तुमची आहे," मी दुरुस्त केलं.

"चालवायची घाई तुम्ही केलीत," मेजर म्हणाले. "मी दोन्हीकडे टाकून बघू म्हणालो होतो."

"बरं, थोडी माझी. चार आणे माझी, बारा आणे तुमची."

"आठ आठ."

मला आनंद झाला. हा माणूस घासाघीस करतो तर! मी सहा-दहावर येऊन बघितलं, ते आठावरून हलले नाहीत. शेवटी आठ आठवर सौदा झाला. पंक्चरची मजुरी मी दिली आणि जोड पुन्हा करण्याचं त्यांनी काही घेतलं नाही.

पण पुन्हा खाली जायच्या आधी मेजर म्हणाले, "आता शब्द ठरवू. फौजेत रेडिओवर असंच करतात. तुम्ही हाय म्हणायचं नाही, मीही म्हणणार नाही." 'वर' आणि 'खाली' हे शब्द चालणार नव्हते, कारण खाली झोपलेल्या माणसाला सगळंच वर असतं. मी म्हटलं, एक गाडी पळवते, एक चढवते. एकीला पळती म्हणू आणि दुसरीला चढती. मेजरनी खडूनं दांडीजवळ पत्र्यावर प आणि च लिहिलं. "चढती?" खालून. "चढती," वरून. या वेळी सळई जेमतेम अर्धं बोट लांब करताच बसली, दांडा शेवटपर्यंत आत गेला आणि टक् असा आवाज झाला. इतक्या वर्षांत त्या गाडीतून तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मग दोन्हीकडे पाच-पाच वेळा टाकून बघितलं. कुणी घाई केली नाही.

आठव्या दिवशी सकाळी मी भरलेल्या ट्रॉलीसकट चढाखाली उभा होतो. साहेब आले. त्यांनी आधी जीपमध्ये डोकं घातलं आणि दांडीच्या मागे, सीटखाली, पायांजवळ हात फिरवला. काही सापडलं नाही.

"नाडा कुठंय?"

"काढला साहेब."

"मग हातानं धरून ठेवणार?"

मी दोन्ही हात वर करून दाखवले. खरं तर मला वेगळंच काही दाखवायचं होतं.

मी पुढची चाकं जोडली, चढतीत टाकली आणि निघालो. मेजरनी सांगितलेलं होतं, दांडीला हात लावायचा नाही, तिच्याकडे बघायचंही नाही. मी वाटेकडे बघत राहिलो. दुसऱ्या वळणाच्या ऐन मधे साहेब चालत पुढे येऊन उभे होते. त्यांनी हात वर केला. "इथं थांबवा."

तिथं थांबणं म्हणजे पूर्ण वजन मागे लोंबकळत ठेवणं. मी थांबलो, हँडब्रेक ओढला. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. उगाच. मला माहीत आहे, उगाचच बघितलं. मग हात खाली केला. मी क्लच सोडला. चाकांखालचे खडे एकदा करकरले, जीप जागेवरच किंचित दबली आणि मग वर निघाली, बैल मान खाली घालून निघतो तशी. दांडी हलली नाही. तांड्याच्या सपाटीवर आलो तेव्हा टाकीच्या झाकणाखालून थेंबही बाहेर आला नव्हता.

साहेबांनी चांगलं झालं असं म्हटलं नाही. ते शिपायाला म्हणाले, "नाडेवाल्यांचा कागद तयार करा." कागद त्याच दिवशी मिळाला, दुष्काळ संपेपर्यंतचा, तांड्याला रोज एक खेप. पण नाव तेच राहिलं. पुढे कितीतरी वर्षं मी त्या कचेरीत गेलो की कुणी ना कुणी म्हणायचंच. साहेबांची बदली झाली, शिपाई निवृत्त झाला, नाव मात्र तिथंच नोकरीला राहिलं. माणसानं हातानं चूक सुधारली तर तोंडानं दिलेलं नाव काढून घ्यायला हवं, एवढी साधी गोष्ट त्या शिकलेल्या माणसाला कळली नाही. मला हे अजून बोचतं आणि बोचतं म्हणून सांगायला मी लाजत नाही.

दुसऱ्या दिवशी मी पहिली खेप घेऊन वर गेलो. घागरी ओळीनं लावलेल्या होत्या. ओळीच्या तोंडाशी एक म्हातारी उभी होती, हातभर बांगड्या, कपाळावर हात धरून. टाकी रिकामी होत आली तरी ओळीत दहाबारा घागरी राहिल्या होत्या. ती माझ्याजवळ आली.

"दादा, दुसरी खेप कवा?"

"एकच हाय, मावशे. कागदावर एकच लिवलीय."

"कागदाला तहान लागती का?"

मी हसलो, पण सौदा म्हटला की माझं डोकं आपोआप चालू लागतं. म्हटलं, "दोन आणतो. पन ते दुसरं वळण लई अडचणीचं हाय. तिथले दगड तुमी लोकांनी बाजूला करायचे."

"दगड काढतो. पन पैली खेप ऊन तापायच्या आत."

"इतक्या सकाळी? मी लातूरहून येतो, मावशे."

"मग जळकोटात मुक्काम कर. लेकरं सकाळीच रडत्यात, दुपारी न्हाई."

दुसरी खेप कागदावर नव्हती, म्हणजे ती माझ्याच डिझेलवर होती. त्यात जळकोटचा मुक्काम, त्यात पहाटेचं उठणं. एवढा वाईट सौदा मी आयुष्यात केला नव्हता. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि तिच्या मागची बाकीची घागरीवाली माणसंही.

"बरं," मी म्हणालो.

मी जळकोटात मुक्काम केला. सकाळी वळणाशी आलो तर वाट साफ होती. दगड दोन्ही कडांना रचून ठेवलेले होते, चांगले गुडघाभर. वर सपाटीच्या तोंडाशी ती म्हातारी पालथ्या घागरीवर बसली होती. सूर्य नुकताच तिच्या मागून वर आला होता. जीप जवळ आली तशी ती उठली, सूर्याकडे बोट दाखवलं आणि उशीर झाला म्हणून मला बोलायला लागली.